सोचिमिल्कोचे गादीवाफे

चिनाम्पा म्हणजे तळ्यात घातलेला गादीवाफा. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को आणि त्लाहुआक या भागांत उथळ कालव्यांच्या जाळ्यात असे वाफे आजही कसले जातात. वाफा लांबट आणि अरुंद असतो. रुंदी साधारण ४ ते १० मीटर, लांबी १०० मीटरपर्यंत, कधी त्याहून जास्त. तीन किंवा चारही बाजूंना पाणी असते आणि मातीचा माथा त्या पाण्यापासून अर्धा ते एक मीटर वर असतो. बारा महिने पाण्यात उभ्या असलेल्या या जमिनीवर मका, मिरची, टोमॅटो, राजगिरा आणि झेंडू पिकत आला, आणि मुळे कुजली नाहीत. त्यासाठी माती उंच केली होती हे खरे, पण भोवतालच्या पाण्याची पातळी राखली नसती तर त्या उंचीचा काही उपयोग झाला नसता. चिनाम्पांचा सारा इतिहास या पातळीच्या राखणीचा आणि ती राखण सुटल्यावर झालेल्या नुकसानीचा आहे.

पाणी साचलेल्या जमिनीत पीक गुदमरून मरते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा आणि पाणी दोन्ही असावे लागते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. मातीत उरलेला प्राणवायू मुळे आणि जिवाणू थोड्याच काळात संपवतात. मग हवेविना जगणारे जिवाणू बळावतात, नत्राचा वायू होऊन तो उडून जातो, आणि अशक्त मुळांत कुजवणारी बुरशी शिरते. मराठी शेतकरी अशा जमिनीला चिबड म्हणतो. ओल आणि हवा दोन्ही बेतात असलेल्या जमिनीच्या स्थितीला त्याच्याकडे वाफसा हा नेमका शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येण्याची वाट पाहावी लागते. चिनाम्पावर तो जवळजवळ वर्षभर टिकत असे.

इथे गादीवाफ्याविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नुसती माती उंच केल्याने निचरा होत नाही. बारीक कणांच्या मातीत पाणी केशाकर्षणाने वर चढते, त्यामुळे पाण्याच्या पातळीच्या वरही काही अंतरापर्यंत माती भिजून चिंब राहते. वाफा या चिंब थराच्या पुरेसा वर गेला तरच मुळांना मोकळी माती मिळते. उलट तो फार उंच झाला तर ओल मुळांपर्यंत चढत नाही आणि माथा कोरडा पडतो. शिवाय वरून पडलेल्या पावसाला बाजूला उतरायला चर हवा आणि त्या चरातले पाणी पुढे सरकायला वाट हवी. कांद्या-मिरचीची रोपे गादीवाफ्यावर टाकताना किंवा सातारा-सांगलीकडे आले आणि हळद रुंद वरंब्यावर लावताना हेच सांभाळावे लागते. दोन वरंब्यांमधली सरी तुंबली की वरंबा कितीही उंच असो, आल्याला कंदकूज लागते.

मेक्सिकोच्या खोऱ्याची ठेवण या दृष्टीने मोठी अवघड होती. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरचे हे खोरे चारी बाजूंनी डोंगर आणि ज्वालामुखींनी वेढलेले आहे आणि त्यातून समुद्राकडे जाणारी एकही नैसर्गिक वाट नाही. पडलेला पाऊस खोऱ्यातच राहायचा. त्याची पाच तळी झाली होती. उत्तरेला सुम्पांगो आणि शाल्तोकान, मध्ये तेस्कोको, दक्षिणेला सोचिमिल्को आणि चाल्को. तेस्कोको सगळ्यांत खोलगट भागात होते. बाकीच्या तळ्यांचे पाणी तिथे उतरायचे आणि उन्हाने आटायचे, म्हणून शतकानुशतके क्षार साठून ते खारे झाले होते. दक्षिणेची दोन तळी त्याच्यापेक्षा सुमारे तीन मीटर उंचावर होती. आहुस्को डोंगररांगेच्या सच्छिद्र लाव्हात मुरलेले पावसाचे पाणी त्यांच्या काठावर झऱ्यांनी वर यायचे. हे पाणी गोडे होते, सतत वाहते होते आणि तळी उथळ होती. गादीवाफे घालायला खोऱ्यात याहून चांगली जागा नव्हती, आणि त्यांचा सर्वांत मोठा पसारा इथेच झाला.

‘चिनाम्पा’ हा शब्द नाहुआत्ल भाषेतल्या ‘चिनामित्ल’वरून आला. त्याचा अर्थ वेताचे किंवा बोरूचे कुंपण. वाफ्याची सीमा आधी अशा कुंपणाने आखली जायची. पाणी उतरलेल्या कोरड्या महिन्यांत दलदलीतली उथळ जागा हेरायची, तिथे लांब काठ्या रोवून चौकोन बांधायचा, दोन चौकोनांमध्ये चर खणायचा आणि चरातून निघालेला गाळ चौकोनात टाकायचा. गाळाच्या थरांमध्ये तळ्यातली पाणवनस्पती आणि तिच्या गुंतलेल्या मुळांच्या जाड लाद्या घालायच्या. एक थर वनस्पतीचा, एक थर चिखलाचा, असे करत वाफा पाण्यावर यायचा. कुजत जाणाऱ्या वनस्पतीमुळे माती भुसभुशीत राहायची आणि पावसाचे पाणी तिच्यातून चटकन खाली उतरायचे. वाफा उभा राहण्याआधीच त्याच्या निचऱ्याची सोय अशी झालेली असे.

काठावर आहुएहोते नावाचे झाड लावायचे. ही विलोची एक जात आहे. तिचा फाटा घट्ट आणि सरळ वर जातो, आडवा पसरत नाही, म्हणून पिकावर सावली फारशी पडत नाही. मुळे मात्र काठाच्या चिखलात दाट जाळे विणतात आणि माती कालव्यात ढासळू देत नाहीत. आज सोचिमिल्कोच्या कालव्यांतून जाताना दोन्ही बाजूंना जे उंच सडपातळ हिरवे स्तंभ दिसतात, ती हीच झाडे. त्यांनी वाफ्याची कड धरून ठेवली नाही तर दर पावसाळ्यात कड खचते, कालवा उथळ होतो आणि त्याची पाणी वाहून नेण्याची ताकद कमी होते. झाडे, कड आणि कालवा यांतले एक बिघडले की बाकीचे दोन मागोमाग बिघडतात.

कालव्यांतही श्रेणी होती. होड्यांच्या वाहतुकीचे रुंद सार्वजनिक कालवे ‘आकालोते’, आणि दोन वाफ्यांमधले अरुंद चर ‘आपान्त्ले’. चर अरुंद असले तरी आंधळे ठेवलेले नव्हते. ते एका टोकाला मोठ्या कालव्याला मिळायचे आणि मोठे कालवे तळ्याला. त्यामुळे जोराच्या पावसातही वाफ्याच्या बाजूला पाणी तटून राहत नसे. वाफ्याची रुंदी कमी ठेवण्यामागेही हेच कारण होते. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या चरांतली ओल पाझरून मधल्या मुळांपर्यंत पोहोचली पाहिजे आणि पावसाळ्यात मधले जास्तीचे पाणी दोन्ही बाजूंना उतरले पाहिजे. वाफा फार रुंद झाला तर त्याचा मध्यभाग एका ऋतूत तहानतो आणि दुसऱ्यात चिबडतो.

वाफ्याची देखभाल चिखलाने चालायची. लांब काठीच्या टोकाला पिशवी बांधलेले एक अवजार असे, त्याचे नाव ‘सोकिमाइत्ल’. नाहुआत्लमध्ये ‘सोकित्ल’ म्हणजे चिखल आणि ‘माइत्ल’ म्हणजे हात. होडीत उभे राहून या चिखलाच्या हाताने कालव्याचा तळ खरवडायचा, गाळ होडीत भरायचा आणि वाफ्यावर पसरायचा. या कामात कालवा खोल राही आणि वाफ्याला खतही मिळे, म्हणजे निचरा आणि सुपीकता ही दोन्ही कामे एकाच मेहनतीत उरकत. दरवर्षी गाळ पडत गेल्याने वाफा हळूहळू उंच होई. प्रमाणाबाहेर उंच झाला की वरची माती काढून दुसरीकडे नव्या वाफ्यासाठी नेत. पाण्यापासूनचे अंतर जास्त झाले तरी ते बिघडले, हे चिनाम्पेरो म्हणजे चिनाम्पा कसणारे शेतकरी जाणून होते. आजच्या बागकामाच्या सल्ल्यांत वाफा उंच करण्यावरच भर दिसतो, उतरवण्याचा उल्लेख क्वचितच असतो.

रोपे तयार करण्याची पद्धत तर खास दखल घेण्याजोगी आहे. वाफ्याच्या एका टोकाला, पाण्यालगत, कालव्यातला मऊ गाळ काही सेंटिमीटर जाडीचा सपाट पसरायचा. तो थोडा आवळला की सुरीने त्याचे लहान चौकोनी तुकडे पाडायचे. या तुकड्याला ‘चापिन’ म्हणतात. प्रत्येक चापिनमध्ये बोटाने खळगा करून बी टाकायचे आणि वर बारीक खत भुरभुरायचे. थंडीत रात्री बोरू किंवा गवताने झाकायचे. रोप वाढले की तुकड्यासकट उचलून वाफ्यावर लावायचे, मुळांना धक्का लागत नाही. आजच्या रोपवाटिकांतल्या कोकोपीटच्या ट्रेमध्ये हेच तत्त्व वापरतात. आधीचे पीक वाफ्यावर उभे असतानाच पुढच्याची रोपे तयार होत, त्यामुळे जमीन रिकामी राहत नसे. कालव्यांच्या पाण्याने रात्रीचा गारठाही जरा कमी होई. हिवाळ्यात दहिवर गोठणाऱ्या या उंचीवर ही गोष्ट लहान नव्हती. वर्षात अनेक पिके निघत, आणि त्यांतली काही पावसाची वाट न पाहता निघत.

चिनाम्पा कोणी आणि नेमक्या कधी सुरू केल्या हे एका नावाशी किंवा एका वर्षाशी बांधता येत नाही. अझ्टेक साम्राज्य उभे राहण्याच्या कितीतरी आधी खोऱ्यात असे वाफे होते. उत्तरेच्या शाल्तोकान तळ्यात, गोड्या झऱ्यांच्या आधाराने, चौदाव्या शतकापूर्वीच ते पसरले होते. पुढे हे साम्राज्य उभारणाऱ्या मेशिका लोकांनी १३२५ मध्ये तेस्कोको तळ्याच्या पश्चिम भागातल्या एका बेटावर तेनोच्तित्लान वसवले, तेव्हा त्यांच्याकडे कसायला दुसरी जमीन नव्हती. शहराची कडही त्यांना चिनाम्पांनीच वाढवावी लागली. मॅगे कागदावरचा नकाशा म्हणून ओळखला जाणारा सोळाव्या शतकातला एक आराखडा मेक्सिकोत जपून ठेवला आहे. त्यात घर, घराच्या मागचे समांतर वाफे, मधले कालवे आणि मालकांची नावे अशी साऱ्या वस्तीची मांडणी दिसते.

इत्सकोआत्ल राजाच्या काळात, १४३० च्या सुमारास, मेशिकांनी सोचिमिल्को जिंकले. हरलेल्या लोकांकडून राजधानीपर्यंतचा बांधरस्ता बांधून घेतल्याची नोंद दिएगो दुरान या सोळाव्या शतकातल्या पाद्र्याने केली आहे. १४६५ मध्ये चाल्कोही पडले. दक्षिणेची दोन्ही गोडी तळी आता एका सत्तेखाली आली आणि चिनाम्पांचा विस्तार वेगाने झाला. वाफ्यांच्या दिशा आणि मापे मोठ्या क्षेत्रावर सारखी असल्याने, हे काम एकेका कुटुंबाच्या सोयीने न होता योजनापूर्वक झाले असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुरातत्त्वज्ञ पेद्रो आर्मिलास यांनी हवाई छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून दक्षिणेकडच्या तळ्यांतले जुने वाफे आखून काढले. त्यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात १९७१ मध्ये आला. या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे १२,००० हेक्टर होते आणि त्यातून किमान एक लाख माणसांचे पोट भरू शकत होते, असा त्यांचा अंदाज होता. १५१९ मध्ये स्पॅनिश आले तेव्हा तेनोच्तित्लानची वस्ती दीड ते दोन लाखांच्या घरात असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. ओझे वाहणारी जनावरे आणि चाकाच्या गाड्या नसलेल्या समाजात एवढ्या शहराला भाजी आणि धान्य पुरले, कारण मळ्याच्या कडेला होडी लागे आणि तीच होडी बाजाराच्या कडेला पोहोचे.

एवढ्या वाफ्यांना पाण्याची पातळी स्थिर ठेवणे हे आता राज्याचे काम झाले. १४४९ मध्ये अतिवृष्टीने तेस्कोको फुगले आणि तेनोच्तित्लान बुडाले. खारे पाणी पश्चिमेच्या वाफ्यांत शिरले. राजा पहिला मोतेकुसोमा याने तेस्कोकोचा राजा नेसाहुआल्कोयोत्ल याच्याकडे मदत मागितली, आणि त्याच्या सल्ल्याने तळ्याच्या आरपार दगड-लाकडाचा सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. आत्साकोआल्को ते इस्तापालापा असा तो जाई. त्याच्या पूर्वेला खारे पाणी राहिले आणि पश्चिमेला, शहराच्या बाजूला, दक्षिणेच्या झऱ्यांचे गोडे पाणी साठू लागले. बांधातल्या वाटांमधून जास्तीचे पाणी सोडता येई. दक्षिणेला मेक्सिकाल्त्सिंगो आणि त्लाहुआक इथेही बांधरस्ते होते, त्यांनी तळ्यांचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्याची पातळी वेगळी ठेवली. शेतातला चर आणि राज्याचा बांध ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती. एकाची निगा कुटुंबाकडे होती, दुसऱ्याची राजाकडे.

राजाने चूक केली तर काय होते, हे १४९९ च्या सुमारास दिसले. तेव्हाचा मेशिका राजा आहुइत्सोत्ल याने कोयोआकानजवळच्या आकुएकुएश्को झऱ्याचे पाणी नव्या पाटाने तेनोच्तित्लानला आणायचे ठरवले. शहराभोवतालच्या तळ्याची पातळी त्या वेळी उतरलेली होती. हा झरा आवरता येणार नाही, त्याचे पाणी शहर बुडवील, असा इशारा कोयोआकानच्या स्थानिक राजाने दिला. त्याबद्दल त्याला ठार मारण्यात आले. पाट सुरू झाला, पाणी थांबेना, तळे चढत गेले आणि शहर व भोवतालचे वाफे पाण्याखाली गेले. शेवटी झरा बंद करावा लागला आणि नेसाहुआल्कोयोत्लच्या मुलाचा, नेसाहुआल्पिल्लीचा, सल्ला घ्यावा लागला. इतिवृत्तांतली ही हकीकत मन विषण्ण करते. ज्या माणसाला त्या झऱ्याचा स्वभाव ठाऊक होता, त्याचाच जीव त्या ज्ञानापायी गेला.

चिनाम्पांविषयी युरोपात पसरलेली समजूत मात्र वेगळीच होती. त्या तरंगत्या बागा आहेत असे मानले गेले. होसे दे आकोस्ता याने १५९० च्या आपल्या ग्रंथात तसे लिहिले आणि फ्रान्सिस्को हाविएर क्लाविहेरो याने १७८० च्या सुमारास इटलीतून प्रसिद्ध केलेल्या मेक्सिकोच्या इतिहासात तेच सांगितले. या समजुतीला देशी कथांचाही आधार होता. आस्कापोत्साल्कोच्या राजाने नव्या मेशिकांकडून कर म्हणून पिके उगवलेला तराफा मागितला, अशी गोष्ट इतिवृत्तांत आहे. रोपांचे वाफे आणि पाणवनस्पतीच्या लाद्या होडीला बांधून ओढत नेल्या जात, तेही पाहणाऱ्यांना तरंगते शेत वाटले असेल. १८०३ मध्ये मेक्सिकोत आलेल्या आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने तरंगत्या आणि स्थिर अशा दोन्ही प्रकारांचा उल्लेख केला, पण त्याने मोजून वर्णन केले ते स्थिर वाफ्यांचे. त्यांची लांबी सुमारे १०० मीटर आणि रुंदी पाच-सहा मीटर असल्याचे त्याने नोंदले. तळ्याच्या पाण्याने वारंवार भिजवून मातीतला क्षार धुऊन काढतात, असेही तो सांगतो. ही नोंद मोलाची आहे. निचरा नसलेल्या जमिनीत क्षार धुता येत नाही. वरून घातलेले पाणी बाहेर पडले तरच क्षार त्याच्याबरोबर जातो. श्रीनगरच्या दल सरोवरात किंवा बांगलादेशाच्या सखल भागात खरोखर तरंगणारे वाफे आहेत. चिनाम्पा त्यांच्यासारखी नाही. तिचे पाय तळ्याच्या तळात रोवलेले आहेत, म्हणूनच पाणी वरखाली झाले की तिला हलता येत नाही आणि पातळी राखण्याची गरज पडते.

तेनोच्तित्लानच्या १५२१ च्या वेढ्यात स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसच्या सैन्याने बांध फोडले, कालवे बुजवले, रस्त्यांतले खंड मातीने भरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोचिमिल्कोतही लढाई झाली आणि तिथे कोर्तेस थोडक्यात हाती लागता लागता वाचला. शहर पडल्यावर स्पॅनिशांनी त्याच जागी आपली राजधानी बांधली, पण तिच्या पाण्याची व्यवस्था त्यांनी त्याच दृष्टीने पाहिली नाही. डोंगरांवरची झाडे तुटली, उतारांवर नांगर आणि गुरे आली, गाळ तळ्यांत उतरू लागला. उथळ झालेली तळी लवकर भरू लागली. १५५५ मध्ये पूर आला, १५८० आणि १६०४ मध्ये पुन्हा आला, १६०७ मध्ये पुन्हा. पाण्याला जागेवर आवरण्याऐवजी खोऱ्याबाहेर काढावे, असे सरकारने ठरवले. एन्रिको मार्तिनेस या हाम्बुर्गमध्ये जन्मलेल्या मुद्रकाने १६०७-०८ मध्ये उत्तरेला उएउएतोका इथे बोगदा काढला. तो ढासळत राहिला. १६२९ च्या सप्टेंबरात शहर बुडाले ते पाच वर्षे पुरते कोरडे झाले नाही.

दक्षिणेच्या चिनाम्पा या सगळ्यातून तगल्या. वसाहतकाळात तिथे कोबी, कोथिंबीर, मुळा, गाजर आणि सलाड यांची भर पडली. मका, मिरची, टोमॅटो आणि शेंगा तर होत्याच. महाराष्ट्रात घोळ म्हणून खाल्ली जाणारी रानभाजीही तिथे ‘वेर्दोलागा’ या नावाने वाफ्यावर मुद्दाम लावतात. राजगिऱ्याची कहाणी हळवी आहे. अझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून पूजत, म्हणून ख्रिस्ती धर्मसत्तेने त्याला दाबले. तरी सोचिमिल्कोतल्या तुल्येउआल्को गावात तो टिकला. तिथे राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून ‘आलेग्रिया’ नावाची वडी करतात, ती उपवासाच्या राजगिरा वडीची सख्खी बहीणच शोभते. राजगिरा आणि झेंडू ही दोन्ही मूळची अमेरिकेतली. युरोपीय व्यापाराच्या वाटेने ती भारतात आली आणि उपवासाच्या ताटात नि दसऱ्याच्या तोरणात इतकी मिसळली की परकी वाटेनाशी झाली. सोचिमिल्को या नावाचा अर्थच फुलांच्या शेताची जागा असा आहे. नोव्हेंबरच्या आरंभी येणाऱ्या मृतांच्या दिवसासाठी तिथे आजही झेंडूचे ताटवे लावले जातात.

एकोणिसाव्या शतकात हा माल ला व्हिगा कालव्यातून राजधानीत येत असे. सांता आनिता आणि इस्ताकाल्को ही कालव्यावरची गावे चिनाम्पांसाठी प्रसिद्ध होती. मेक्सिकोतल्या स्पॅनिश राजदूताची पत्नी फॅनी काल्देरोन दे ला बार्का हिने १८४० च्या सुमारास या कालव्यावरची फुलांनी लादलेल्या होड्यांची वर्दळ आपल्या पत्रांत लिहून ठेवली. पण खोऱ्यातले पाणी बाहेर काढण्याचा जुना ध्यास याच शतकात तडीस गेला. १८९० च्या दशकात चाल्को तळे शेतजमिनीसाठी कोरडे करण्यात आले आणि त्याच्या काठच्या गावांची होडी, मासे आणि वाफे गेले. १७ मार्च १९०० रोजी अध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांच्या हस्ते महानिचरा कालव्याचे उद्घाटन झाले. तेकिश्कियाक बोगद्यातून खोऱ्याचे पाणी उत्तरेला बाहेर पडू लागले.

निचऱ्याच्या इतिहासात हे वळण फार महत्त्वाचे आहे. चिनाम्पेरोचा निचरा म्हणजे जास्तीचे पाणी वाफ्यावरून चरात उतरवणे आणि ते तिथेच हाताशी ठेवणे. शहराचा निचरा म्हणजे पाणी घालवून देणे. पहिल्यात पुढच्या कोरड्या महिन्याची तरतूद होती, दुसऱ्यात ती नव्हती. शहराला पिण्याचे पाणी तर हवेच होते. म्हणून १९०५ पासून सोचिमिल्कोचे झरे बंदिस्त करून जलवाहिनीने राजधानीकडे वळवण्याचे काम सुरू झाले. पुढे विहिरी खोदल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झरे आटले आणि ज्या वाफ्यांना पूर्वी पुराची भीती होती त्यांच्या कालव्यांत तळाचा चिखल भेगाळलेला दिसू लागला. ला व्हिगा कालवा बुजवून त्यावर रस्ता झाला. सांता आनिता आणि इस्ताकाल्कोच्या चिनाम्पा वस्तीखाली गेल्या.

कालवे रिकामे राहू नयेत म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांत शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाऊ लागले. पाणी आले, पण झऱ्याचे नव्हे. त्यात सोडियमचे क्षार जास्त, आणि ते कालव्यांत अडून राहते, पुढे वाहत नाही. उन्हाने वाफ्याच्या माथ्यावर ओल उडून गेली की क्षार पांढरा थर होऊन उरतो. क्षारपड जमिनीत मातीचे कण विस्कटून घट्ट बसतात आणि पाणी मुरेनासे होते, म्हणजे निचऱ्याची अडचण पुन्हा उभी राहते. नीरा आणि कृष्णेच्या खोऱ्यांत उसाला पाटपाणी बेसुमार दिल्यावर काळ्या जमिनींचे असेच झाले. तिथल्या शेतकऱ्यांना चोपण हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे संकट जमिनीखालून आले. भूजल उपसल्याने मेक्सिको शहराखालची तळ्याची चिकण माती दबत गेली. शहराचा मध्यभाग विसाव्या शतकात काही ठिकाणी नऊ-दहा मीटर खचला. महानिचरा कालव्याचा उतारच नाहीसा झाला आणि सांडपाणी पंपाने चढवावे लागले. १९७५ मध्ये खोल बोगद्यांची निचरा व्यवस्था सुरू झाली. सोचिमिल्कोत जमीन सगळीकडे सारखी खचली नाही. एका टोकाला वाफे पाण्याखाली जातात आणि मैलभर अंतरावर कालवे कोरडे पडतात. पूर्वी एका पातळीवर असलेली सारी वाफ्यांची जमीन आता तिरकी झाली आहे, आणि तिरक्या जमिनीवर एकच पाणीपातळी सगळ्यांना पुरी पडत नाही. काही ठिकाणी जुन्या चिनाम्पांच्या जागी फुटबॉलची मैदाने आणि पॉलिहाऊस आली.

१९८७ मध्ये युनेस्कोने मेक्सिको शहराचा ऐतिहासिक भाग आणि सोचिमिल्को यांचा एकत्रित जागतिक वारसास्थळांत समावेश केला. १९९३ मध्ये तिथे परिसर उद्यान उघडले. २००४ मध्ये ही पाणथळ जागा रामसर यादीत गेली आणि २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने चिनाम्पा शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा ठरवले. सोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा आशोलोत्ल हा जन्मभर पाण्यात राहणारा सॅलमँडर आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातले संशोधक त्याला वाचवण्यासाठी चिनाम्पेरोंबरोबर काम करतात. काही आपान्त्लेंच्या तोंडाशी वनस्पती आणि गाळणी लावून मोठ्या कालव्यातले मासे आणि घाण आत येऊ नये अशी सोय केली जाते. स्वच्छ झालेल्या त्या चरात आशोलोत्लला आसरा मिळतो आणि बाजूच्या वाफ्याला चांगले पाणी.

जुन्या उपायांपैकी काही अजून वापरात आहेत. खचलेल्या कडेला काठ्या ठोकून आतून गाळ भरतात, बांडगुळाने पोखरलेल्या आहुएहोतेच्या जागी नव्या फांद्या खोचतात आणि बुडत चाललेल्या वाफ्यांवर दरवर्षी चिखलाचा एक थर चढवतात. पाणी जिथे अजून बऱ्यापैकी खोल आहे, त्या सान ग्रेगोरिओ आत्लापुल्कोच्या बाजूला चापिनचे चौकोन आजही सुरीने पाडले जातात. त्यांतून सलाड, कोथिंबीर आणि झेंडूची रोपे निघतात.